‘ज्याचा वेळ स्वतःचा नाही, त्याने शिस्त कुठून आणायची?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वेळेच्या नियोजनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया लिहिलीत. ‘धन्यवाद, विचार करतो’ म्हणून कटवण्यासारखी ती नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही परिचारिका आहात, पाळ्या बदलत्या. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा शाळेत, आणि या सगळ्यात बढतीच्या परीक्षेचा अभ्यास. तुमचं म्हणणं असं की स्वयंशिस्त हे निवांत लोकांचं खूळ आहे, तुमचा वेळ मुळात तुमच्या हातात नाही, आणि ज्याला हे जमत नाही त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का मारून आम्ही लिहिणारे मोकळे होतो. वर टोला: ‘पहाटे पाचला उठा म्हणणाऱ्यांनी एकदा रात्रपाळी करून बघावी.’

टोल्यापासूनच सुरुवात करतो. पहाटे पाचचा सल्ला माझ्या लेखात नाही, आणि मी तो कधी देणारही नाही. झोपेतून तास काढून अभ्यासाला लावणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना सलग १४ दिवस रोज सहा तासच झोपू दिलं. शेवटी शेवटी त्यांची लक्ष देण्याची क्षमता रात्रभर जागरण केलेल्या माणसाइतकी घसरली होती, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला तेवढी पेंग जाणवत नव्हती. तुमच्या हातात तर इंजेक्शनची सुई असते. तेव्हा रात्रपाळीच्या आठवड्यात झोप आधी, बाकी सगळं नंतर.

आता शिस्तीकडे. इथे मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. तुम्ही शिस्त म्हणजे मनाला दावणीला बांधणं असं धरून चालला आहात. तसं असतं तर मीही हात टेकले असते. निग्रह वापरला की तो खर्च होतो, ही कल्पना १९९८ सालच्या प्रयोगांनंतर फार गाजली. पण २०१६ मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी मिळून तो परिणाम पुन्हा तपासला, तेव्हा हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. त्यापेक्षा विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. ज्यांच्यात आत्मसंयम जास्त, ते मोहाशी जास्त झगडत असतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यांना झगडावं कमी लागत होतं. मी याचा अर्थ असा लावतो की ही माणसं आधीच अशी मांडामांड करून ठेवतात की भांडणाची वेळच येऊ नये. मी शिस्त म्हणतो ती ही. तिला लोखंडी मन लागत नाही, थोडा आगाऊ विचार लागतो.

‘वेळ माझ्या हातात नाही’ हे मात्र शंभर टक्के मान्य. लहान मुलांपुढे खाऊ ठेवून ‘थांबलास तर दुप्पट देईन’ म्हणण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग आठवतो? २०१३ मध्ये सेलेस्ट किड यांनी त्यात एक फरक केला. काही मुलांच्या बाबतीत मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला, काहींच्या बाबतीत मुद्दाम मोडला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची जेमतेम तीन. ज्यांचा शब्दावरचा विश्वास उडाला होता त्यांनी समोरचा खाऊ उचलला, यात बेशिस्त कसली? पाळ्यांचा तक्ता आदल्या संध्याकाळी बदलत असेल, तर ‘सात ते आठ अभ्यास’ लिहिलेलं वेळापत्रक फाडून टाकणं हा शहाणपणा आहे. तुमच्यासाठी तासांचं वेळापत्रक हे हत्यारच चुकीचं.

मग काय? तुम्हाला वेळ मिळतो तो तुकड्या-तुकड्यांत, आणि तुकड्याचा अर्धा भाग ‘मागच्या वेळी कुठे होतो’ हे आठवण्यात जातो. म्हणून उठताना पुस्तकात एक चिठ्ठी ठेवून उठायचं. ‘गणितं कर’ अशी मोघम नको, नेमकी हवी. समजा सलाईनच्या थेंबांची गणितं चालली आहेत (२० थेंबांचा सेट म्हणजे ज्या नळीतून २० थेंबांना एक मिली होतो ती) आणि आतून हाक आली. चिठ्ठीवर लिहा: ‘१००० मिली, ८ तास, २० थेंबांचा सेट, मिनिटाला ४२, झालं. पुढचं: हेच १५ थेंबांच्या सेटवर.’ परत बसलात की पेन उचलायचं, १००० ला १५ ने गुणून ४८० मिनिटांनी भागायचं, ३१ थेंब. दहाव्या सेकंदाला तुम्ही कामात असता. याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात टोचत राहतं, पण पुढे काय करायचं हे नेमकं ठरवून ठेवलं की ती टोचणी कमी होते, असं मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे सासूबाईंना भरवताना डोक्यात थेंब मोजले जाणार नाहीत.

दुसरी गोष्ट अंदाजाची. कामाला किती वेळ लागेल हे सांगण्यात माणूस हमखास फसतो. १९९४ चा एक अभ्यास आहे, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा. त्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर सुमारे ३४. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर! म्हणजे आपला वाईटात वाईट अंदाजसुद्धा आशावादीच. पुढच्या खेपेला कंबर कसून हे सुटत नाही. मागच्या वेळी किती वेळ लागला होता ते बघूनच सुटतं, आणि ते बघायला लिहिलेलं असावं लागतं. एका साध्या वहीत दोन रकाने करा, अंदाज आणि प्रत्यक्ष. ‘अंग पुसणं, चादर बदलणं : २० मिनिटं’ असं लिहाल आणि शेजारी ४५ येतील. मग वॉर्डातून आल्यावर अभ्यास ‘का होत नाही’ हे कोडं राहत नाही. तो होणारच नव्हता, दिवसात तेवढी जागाच नव्हती.

एक आगाऊपणा करतो. तुमच्या प्रतिक्रियेत घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचा उल्लेख कुठेच नाही. कोणी असेल, तर तो दुसरा रकाना त्यांच्यापुढे ठेवा. सेवेची वाटणी हा नियोजनाचा प्रश्न नव्हेच, आणि वाटणीने सुटणारी अडचण बाईने शिस्तीने सोडवावी ही अपेक्षा मला संतापजनक वाटते. कोणी नसेल, तर परीक्षा एक खेप पुढे ढकलणं हाही वेळेचा चोख हिशेबच.

आळशीपणाच्या शिक्क्याबद्दल फार लिहीत नाही. पाळी संपवून घरी दुसरी पाळी सुरू करणाऱ्या बाईला जो आळशी म्हणेल, त्याचं बोलणं मनावर घेऊ नका.

‘मोबाईल लांब ठेवा म्हणता, आणि घरून फोन आला तर?’ लांब ठेवू नका. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि घरचे व वॉर्डाचे नंबर त्यातून वगळा. ते फोन वाजतील, बाकीचे गप्प राहतील. एकदा सेटिंग करायला पाच मिनिटं लागतात, मुलालाही करता येईल.

राहिला तुमचा शेवटचा, काहीसा तिरकस प्रश्न: मी कोणतं अ‍ॅप वापरतो? कोणतंच नाही. दोन-तीन घेऊन पाहिली, कामं त्यात भरण्यातच संध्याकाळ जायची. वही आणि पेन्सिल. तुम्ही वही घेणार असाल तर युनिफॉर्मच्या खिशात मावेल अशी घ्या, आणि पहिल्या आठवड्यात फक्त घरची कामं लिहा. अभ्यास त्यानंतर.