एवढी माणसं लागली?

सकाळी उठून फॅमिली ग्रुप उघडला आणि डोकंच फिरलं. मूट हॉलच्या पायरीवर बसलेल्या माझ्या फोटोखाली आमच्या आतेभावाने, म्हणजे दादाने, लिहिलंय, ‘एवढी माणसं लागली? मग तू काय केलंस?’ त्याखाली हसणारे तीन चेहरे. त्यातला एक धाकट्या काकूचा. काकू, तू पण?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ही बॉब ग्रॅहम राऊंड. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिक नावाचं गाव आहे. तिथल्या मूट हॉलच्या दारातून निघायचं, 42 डोंगरमाथे करायचे आणि 24 तासांच्या आत परत त्याच दाराला हात लावायचा. अंतर साधारण 106 किलोमीटर, चढ सगळा मिळून 8,200 मीटरच्या आसपास. इकडे डोंगराला फेल म्हणतात म्हणून हे फेल रनिंग. (नापास होण्यावरचे विनोद करून झालेत, दादा. तुझेच.) मला 23 तास 26 मिनिटं लागली.

आणि हो, सोबतीला, मदतीला माणसं लागली. चौदा.

सकाळी अकराला मी युबॅरोच्या चढावर होते. आदल्या संध्याकाळी सातला निघालेली. स्किडॉ, ब्लेनकॅथ्रा अंधारात मागे पडले, डनमेल रेझच्या रस्त्यावर कुणीतरी हातात चहा दिला, स्कॉफेल पाइक झाला. खाली वॉसडेलच्या दरीत खुर्चीत बसले तेव्हा उठायचंच नव्हतं मला. पोटात काही ठरत नव्हतं. सोबत आमच्या क्लबातला एक आजोबा, आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेला. गुडघे गेलेत, म्हणून फक्त हा एक चढ त्याच्या वाट्याला. त्याने मला दगडावर बसवलं, टिनमधली थंडगार तांदळाची खीर उघडली आणि चमच्याने भरवायला लागला. मी मान फिरवली की चमचा तिकडे. मी त्रेचाळीस वर्षांची बाई! सगळ्या चढावर तो एकच शब्द बोलला, त्याचं मराठी ‘गीळ’ असंच होईल.

आता मला सांगा, ती खीर खाल्ली म्हणून तो डोंगर माझ्यासाठी दुसरा कुणी चढला का?

बरं, हा नियमच आहे. बॉब ग्रॅहम क्लबात नाव लागायचं तर प्रत्येक माथ्यावर सोबत साक्षीदार लागतो, तो वेळ लिहून घेतो. खुद्द बॉब ग्रॅहम, केझिकमध्ये गेस्टहाऊस चालवणारा माणूस, 1932 मध्ये निघाला तो मित्रांना घेऊनच. त्याच्या आदल्या वर्षी जमलं नव्हतं त्याला. नंतर 28 वर्षं कुणालाच जमलं नाही, 1960 मध्ये अ‍ॅलन हीटनने केली. तेव्हा ‘मित्र होते म्हणून सोपं’ हे मला नका सांगू.

काही जण एकट्याने करतात, सगळं सामान पाठीवर घेऊन, वाटेत कुणाकडून पाणीसुद्धा न घेता. ते माझ्यापेक्षा भारी आहेत. लिहिलं. पुढे.

दादा, तुझ्या लग्नात मांडव कोणी घातला होता? पंगतीत वाढायला कोण होतं? आम्ही म्हटलं का, एवढी माणसं लागली, मग तू काय केलंस? स्कॉफेलवर जाताना ब्रॉड स्टँड नावाचा खडक लागतो, तिथे माझी एक मैत्रीण पहाटेपासून दोर लावून वाऱ्यात बसली होती. मला तिथून चढायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ती बसली होती तीन तास.

हे लिहिताना चहा गार झाला, आणि आता राग थोडा उतरलाय म्हणून हेही लिहिते. आत्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही सगळी भावंडं बाहेर. मी इथून, इंग्लंडमधून, फोन करायचे, ‘काळजी घे रे’ म्हणायचे. दादा तीन आठवडे हॉस्पिटलच्या बाकावर झोपला. एकटा. त्याला कुणी डबासुद्धा आणून दिला नाही, हे मला फार नंतर कळलं. त्याच्या तोंडात चमचा धरायला कुणी नव्हतं.

तरी तू ते लिहायला नको होतंस. पण मी फोन करते रात्री.

येत्या शनिवारी पोस्टवाल्या आजोबांच्या मुलीची राऊंड आहे. रात्री दोनला डनमेलला चहा माझ्याकडे, आणि सकाळी युबॅरोही मीच मागून घेतलाय. आजोबांना आता तेवढंही चढवत नाही. खिरीचे चार टिन आणायचेत, दुकान आठला बंद होतं.