पिनियल ग्रंथी आपले विचार पाहत नाही

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तुमच्याकडेही आला असेल. मजकूर थोडक्यात असा: कपाळामागे, दोन भुवयांच्या मधोमध पिनियल ग्रंथी असते, तोच आपला तिसरा डोळा. मनातले विचार बघणारी साक्षी ती हीच. नळाच्या पाण्यातल्या फ्लोराइडने तिचा दगड होतो, म्हणून आजच्या माणसाला स्वतःचं मन दिसत नाही. २१ दिवस भुवयांमध्ये लक्ष लावलं की ती जागी होते.

खाली एका नातेवाइकांनी लिहिलं होतं, ‘आत्याकडून हे करून घ्या, फिजिओथेरपीवर पैसे घालवू नका.’ आत्याला अर्धांगवायूचा झटका येऊन तेव्हा दहाच दिवस झाले होते. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देते आहे.

आधी जागा. पिनियल कपाळामागे नसतेच. तांदळाच्या दाण्याएवढी ही ग्रंथी मेंदूत खोल, मध्याच्या जरा मागे असते.

‘डोळा’ म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे. बेडकांच्या, माशांच्या पिनियलला थेट उजेड कळतो. माणसाच्या नाही. आपल्या डोळ्यांनी टिपलेल्या उजेडाची वर्दी तिला मानेपर्यंत उतरून परत वर येणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेने मिळते आणि अंधार पडला की ती मेलाटोनिन सोडते. हे संप्रेरक १९५८ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅरन लर्नर यांनी वेगळं काढलं. रात्र झाल्याची बातमी शरीरभर पोचवायची, हे तिचं काम. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने तिला आत्म्याचं आसन मानलं, कारण मेंदूतले बाकीचे भाग जोडीने दिसतात आणि ही एकटी. तो तर्क होता. गाठीमुळे ज्यांची पिनियल काढून टाकावी लागते, त्यांचं मेलाटोनिन जवळजवळ नाहीसं होतं, पण आपण काय विचार करतो आहोत हे त्यांना कळायचं थांबत नाही. साक्षीचा दावा माझ्या लेखी इथेच निकालात निघतो.

फ्लोराइडचं काय? पिनियलमध्ये कॅल्शियमचे कण साठतात आणि त्यांत फ्लोराइडही सापडलं आहे, हे खरं. पण असे कण मोठ्या माणसांत इतके सर्रास आढळतात की पूर्वी डोक्याच्या एक्स-रेमध्ये मेंदूचा मध्य ओळखायला डॉक्टर त्यांचाच आधार घेत. शिवाय आपल्याकडे फ्लोराइड नळाच्या पाण्यात कुणी मिसळत नाही, ते खडकातून भूजलात उतरतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या कित्येक गावांनी ते भोगलं आहे: पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे, मोठ्यांचे धरलेले सांधे, वाकलेली पाठ. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५. त्या गावांना पाण्याची तपासणी आणि दुसरा स्रोत हवा आहे. त्यांच्या दुखण्याला तिसऱ्या डोळ्याची गोष्ट चिकटवलेली पाहून मला राग येतो.

मग स्वतःच्या विचारांचं भान येतं कुठून? ‘नाव अगदी जिभेवर आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा नाव आठवत नसतं, पण ते आपल्याला माहीत आहे एवढं कळत असतं. हे कळणं मोजता येतं. २०१० मध्ये स्टीफन फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ३२ जणांना पडद्यावरच्या आकृत्या दाखवल्या, त्यांतली वेगळी कधी दिसली ते विचारलं आणि लगेच, ‘किती खात्री आहे?’ उत्तरं साधारण सारखीच बरोबर यावीत अशी काठिण्यपातळी ठेवली होती. तरी काहींना आपली चूक आतून जाणवायची, काहींना नाही. ज्यांना जाणवायची, त्यांच्या मेंदूच्या अगदी पुढच्या टोकाला करडा भाग, म्हणजे मज्जापेशींचा थर, जास्त होता. हे टोक मात्र खरोखर कपाळामागे असतं.

पण तेही ‘साक्षीचं केंद्र’ नव्हे. २०१४ मध्ये याच भागाला इजा झालेले रुग्ण तपासले, तेव्हा पाहिलेल्या गोष्टींबद्दलची त्यांची खात्री चुकत होती, आठवणींबद्दलची शाबूत होती. आठवणींच्या बाबतीत मेंदूचा मागचा-वरचा भागही कामाला असतो. एका जागी बसून सगळं बघणारं कुणी आत सापडत नाही.

ध्यानाबद्दल दोनच वाक्यं. दोन आठवड्यांच्या ध्यानाने आपल्या आठवणींबद्दलचा अंदाज सुधारल्याचं एका प्रयोगात दिसलं, पाहिलेल्या गोष्टींबद्दलचा सुधारला नाही. फिजिओथेरपीची जागा ध्यान घेतं, असं त्यातून निघत नाही.

आता आत्या. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला, डावा हात लुळा. ‘हात वर कर’ म्हटलं की म्हणायची, ‘केला की!’ हात गादीवरच. ती खोटं बोलत नव्हती. या अवस्थेला मेंदूविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये अ‍ॅनोसोग्नोसिया असं नाव दिलं. स्वतःच्या उणिवेची खबर देणारी यंत्रणाच जखमी असते. व्यायाम कशाला, असं ती विचारायची, कारण तिच्या लेखी हात धडधाकट होता. फिजिओथेरपिस्ट ताई रोज तिचा डावा हात तिच्याच उजव्या हाताने उचलायला लावायच्या, डोळ्यांसमोर धरायला लावायच्या. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहाची बशी दोन्ही हातांनी धरायला गेली आणि थांबली. ‘अगं, हा हात माझं ऐकत नाहीये,’ म्हणाली. त्या दिवशी ताई यायच्या आधीच तिने विचारलं, ‘त्या व्यायामवाल्या कधी येणार?’