डीटीआय म्हणजे अनस्टेजेबल नव्हे

रुग्णांच्या नोंदींवरून आजारांचे कोड लावणाऱ्या कोडरांच्या ग्रुपवर सध्या एक 'झटपट टीप' फिरते आहे. "डीटीआय दिसलं की अनस्टेजेबल लावा, शेवटी शून्य. नर्सने लिहिलंय ना, मग डॉक्टरची नोट शोधत बसू नका. ॲडमिशनच्या दिवशी नोंद नसेल तर पीओए एन. पुढे स्टेज ३ झाली तर आधीचा कोड उडवा." अमेरिकन हॉस्पिटलांत दाखल रुग्णांचे (इनपेशंट) चार्ट कोड करणाऱ्या नव्या मुलांनी ती पाठ करायला घेतलीय, म्हणून हे लिहितो. विषय दाबाने होणाऱ्या जखमांचा (बेडसोर). डीटीआय म्हणजे डीप टिश्यू इंज्युरी, कातडीखालच्या मांसाची इजा. स्टेज म्हणजे जखमेच्या खोलीची पायरी, अनस्टेजेबल म्हणजे ती पायरी ठरवता न येणारी जखम, तिच्या कोडचा शेवटचा आकडा शून्य. पीओए म्हणजे 'प्रेझेंट ऑन ॲडमिशन', दाखल होताना जखम होती का; एन म्हणजे नव्हती.

पहिलं वाक्य एके काळी खरं होतं, हे कबूल करू. ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत कोड शोधायच्या सूचीतून (इंडेक्स) डीप टिश्यू इंज्युरीचा रस्ता अनस्टेजेबलकडेच जायचा. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या आजार-कोडांच्या यादीत तिला स्वतःचा कोड मिळाला. एल८९ (दाबाच्या जखमांचा गट) हे घर तेच, शेवटचा आकडा ६. सेक्रमसाठी (कण्याच्या तळाचा भाग) एल८९.१५६, उजव्या टाचेसाठी एल८९.६१६. टीप लिहिणाऱ्याने जुनी वही उघडली असावी.

पण नुसता आकडा बदलला असं समजू नका, दोन्ही जखमाच वेगळ्या आहेत. अनस्टेजेबल म्हणजे जखमेचा तळ स्लफने (मेलेल्या पिवळसर मांसाने) किंवा काळ्या खपलीने झाकलेला. कातडीची पूर्ण जाडी गेली आहे हे माहीत, फक्त किती खोल ते दिसत नाही. खपली काढली की खाली स्टेज ३ किंवा ४ निघते. डीटीआयमध्ये कातडी शाबूतही असू शकते. वर जांभळा किंवा काळपट लाल डाग किंवा रक्ताचा फोड, आणि इजा आत, हाडाजवळच्या मांसात. ती पुढे उघडते, तशी कधी कधी काही न गमावता बरीही होते. जी कातडी फाटलेलीच नाही तिच्यावर शून्य लावणं म्हणजे पूर्ण जाडीची जखम आपल्या मनाने लिहिणं. याचा हिशेबही होतो. अमेरिकी सरकारच्या एएचआरक्यू या संस्थेच्या पीएसआय ०३ या रुग्ण-सुरक्षेच्या निर्देशकात हॉस्पिटलच्या मुक्कामात झालेली स्टेज ३, स्टेज ४ आणि अनस्टेजेबल मोजतात. डीटीआय मोजत नाहीत. म्हणजे तुमच्या एका शून्याने हॉस्पिटलच्या नावावर न झालेली जखम चढते.

"पण सहाला सीसी नाही, एमसीसी नाही, मग एवढा खल कशाला?" असंही टीपेखाली कुणीतरी विचारलं होतं. (सीसी, एमसीसी म्हणजे बिल वाढवणारे सहआजारांचे दर्जे.) अनस्टेजेबललाही नाही, म्हणजे फरक पैशांचा नाहीच. झालं.

नर्सच्या नोटबद्दलचं वाक्य अर्धंच खरं आहे. स्टेज नर्सच्या नोटवरून घेता येते, गाइडलाइन्स तशी मुभा देतात. पण दाबामुळे झालेली जखम आहे हे निदान प्रोव्हायडरचंच (उपचार करणाऱ्या डॉक्टर वगैरेंचं) हवं. डॉक्टरने नुसतं 'सेक्रल वूंड' लिहिलं असेल तर नर्सच्या डीटीआयवर एल८९ उभा राहत नाही. आणि हो, मार लागून झालेलं काळंनिळं असेल तर इंडेक्स कंट्यूजनकडे (मुका मार) पाठवतो, एल८९ कडे नाही.

चौथं वाक्य आधी संपवतो. दाखल होताना एका स्टेजची जखम मुक्कामात वरच्या स्टेजला गेली तर दोन कोड लागतात: दाखल होतानाचा एक, मुक्कामातल्या सर्वांत वरच्या स्टेजचा दुसरा. आधीचा उडवायचा नाही. त्याच जागी पीओए असलेला डीटीआय कोड दिसला तर पीएसआय ०३ ती जखम मोजत नाही. तो उडवलात तर हॉस्पिटलचा बचावच उडवलात. खपली काढल्यावर खरी स्टेज कळते तिथे मात्र कळलेल्या स्टेजचा एकच कोड. टीपवाल्याचा घोळ बहुधा इथे झालाय.

आता पीओए. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. असा चार्ट घ्या: म्हातारे गृहस्थ घरी पडले, कित्येक तास फरशीवर तसेच. दाखल करताना नोंद, 'त्वचा शाबूत'. तिसऱ्या दिवशी सकाळी वूंड नर्स लिहिते: सेक्रमवर ५ बाय ४ सेंमी गडद जांभळा भाग, कातडी शाबूत, आसपासच्यापेक्षा गरम आणि हाताला लिबलिबीत. टीपप्रमाणे सरळ एन. पण दाब पडल्यापासून रंग वर यायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. तिसऱ्या दिवशी दिसलेला डाग फरशीवरचाच असू शकतो. गडद वर्णावर तर रंग आणखी उशिरा नजरेत येतो. तिथे गरमपणा आणि दुखणं आधी बोलतं. म्हणून पहिल्या दिवशीची 'त्वचा शाबूत' ही नोंद खोटी नसते, पण पुरावाही नसते. प्रोव्हायडरने निदान कधीपर्यंत लिहावं याला पीओएच्या नियमांत मुदत नाही. दाखल होताना ते होतं की नाही हा निर्णय त्याचा. कोडरने एन लावला तर तो निर्णय कोडरने घेतला.

मग प्रोव्हायडरला क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवा, आणि उत्तर तिच्यात आधीच भरून ठेवू नका. 'हे पीओए होतं ना?' असं विचारलं की ती क्वेरी राहत नाही. मी अशी लिहीन: "दाखल होण्यापूर्वी रुग्ण काही तास जमिनीवर पडून होता. तिसऱ्या दिवशीच्या नर्सिंग नोटमध्ये सेक्रमवर ५ बाय ४ सेंमी गडद जांभळा भाग, कातडी शाबूत. कृपया या भागाचं निदान नोंदवा, आणि ते दाखल होताना होतं, नव्हतं, की वैद्यकीयदृष्ट्या ठरवता येत नाही, तेही नोंदवा." तिसरं उत्तर (ठरवता येत नाही) आलं तर पीओएला डब्ल्यू. टीपमध्ये त्या अक्षराचा उल्लेखच नाही.