कुठला बेल्ट?

कालपासून हा तिसरा मेसेज. गेल्या आठवड्यात सहज सांगून बसले की मी इथे जपानच्या ओकिनावा बेटावर कराटे शिकतेय, तर सगळ्यांचा एकच प्रश्न, कुठला बेल्ट झाला? पांढरा. आठ महिने झाले, पांढराच आहे, आणि सध्या तरी तो बदलायची काही चिन्हं नाहीत. धाकट्या भावाचा मुलगा पुण्यात क्लासला जातो, दोन वर्षांत पाच रंग झाले त्याचे, त्याने मला फोनवर विचारलं आत्या तू रोज जात नाहीस का. जाते रे बाळा, आठवड्यातून तीन दिवस जाते.

तर जरा सविस्तरच लिहिते, कारण हा बेल्टचा प्रश्न मला पटत नाही.

नवऱ्याच्या रिसर्चच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो त्याला दोन वर्षं झाली. योमितानच्या बाजूला राहतो, आजूबाजूला ऊस, दुकानात काळा गूळ आणि कारलं (इथे त्याला गोया म्हणतात, अंडं आणि टोफू घालून परततात, मला आवडतं, नवऱ्याला नाही), त्यामुळे मी कोल्हापूरची असून फार परकं वाटलं नाही कधी. पण घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. दोन गल्ल्या सोडून एक काँक्रीटचं घर आहे, फाटकावर शिसा म्हणजे ते सिंहासारखे दोन मातीचे प्राणी, खाली गाडी लावायची जागा आणि वर दोजो, म्हणजे कराटेची तालीम. बोर्ड एवढासा. संध्याकाळी वरून पाय आपटल्याचे आवाज यायचे. एक दिवस जिना चढले. सेन्सेई, म्हणजे गुरुजी, सत्तरीच्या पुढचे, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं काय, तर चप्पल नीट लावलीस का. चप्पल काढून तशीच वाकडी टाकली होती मी. खाली बसून सरळ केली. तो माझा पहिला धडा.

मग आत बघितलं आणि एकदम आजोबा आठवले. भिंतीला ओळीने लाकडी दांडे टेकवलेले, प्रत्येकाच्या टोकाला सिमेंटचा गोळा. याला चिइशी म्हणतात. दांड्याला धरून फिरवायचं, मनगट आणि खांदा घडवायला. मुदगल हो! म्हणजे हुबेहूब तसंच नाही, पण आजोबांच्या तालमीत कोपऱ्यात उभं असायचं त्याचं चुलत भावंडंच. शेजारी मातीचे घडे, ते तोंडाच्या काठाला बोटांच्या चिमटीत धरून उचलायचे आणि चालायचं, आत वाळू भरत भरत वजन वाढवायचं. आमच्या पेठेतल्या तालमीत मी लहानपणी फक्त उंबऱ्यापर्यंत गेलेय, आजोबांचा डबा द्यायला. पोरींनी आत यायचं नाही. तांबड्या मातीचा वास आणि आतून येणारं हुं हुं, एवढंच माझ्या वाट्याला. आता ४३व्या वर्षी कुणीतरी तो दांडा माझ्या हातात दिला, तेही सातासमुद्रापार, भाषा धड येत नाही अशा ठिकाणी. असो.

आमचं गोजू-र्यू. नाहा शहराच्या मियागी चोजुन यांनी (१८८८ ते १९५३) नाव दिलेली शैली, त्यांचे गुरू हिगाओन्ना कानर्यो चीनमध्ये फुचौला जाऊन शिकून आले होते. या शैलीचा पाया म्हणजे सांचिन नावाचा काता (ठरलेल्या हालचालींची साखळी). बघायला गेलं तर काहीच नाही. पाय खांद्याइतके, बोटं किंचित आत, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांच्या रेषेत, कंबर आत घेतलेली, आणि हळूहळू श्वास सोडत एक ठोसा, श्वास घेत हात परत. तीन पावलं पुढे. उडी नाही, लाथ नाही. भाच्याला व्हिडिओ दाखवला तर म्हणाला आत्या हे स्लो मोशन आहे का.

आणि हे मला आठ महिन्यांत जमलेलं नाही.

सेन्सेई मागे येऊन उभे राहतात, दोन्ही तळवे माझ्या खांद्यांवर थाडकन आपटतात, मग पाठीच्या बाजूला, मग मांडीला. शिक्षा नाही ती, कुठे ढिलं आहे आणि कुठे उगाच आवळलंय ते हाताने तपासतात. माझं नेहमी खांद्यात. मग म्हणतात "चिकारा नुइते", जोर सोड. आता जपानीत खांद्याला पण काता म्हणतात आणि या ठरवून दिलेल्या हालचालींच्या साखळीला पण काताच, उच्चारात किंचित फरक असेल पण माझ्या कानाला कुठला कळायला, पहिला महिनाभर ते काता म्हणाले की मी आज्ञाधारकपणे पहिल्यापासून काता सुरू करायचे आणि ते बिचारे नुसतं खांदा खाली घे म्हणत असायचे. शेवटी एका शाळकरी पोरीने माझ्या खांद्यावर बोट टेकवून सांगितलं.

इथे मला मुद्दा मांडायचाय. नवशिक्याला काय मिळतं यातून? सेल्फ डिफेन्स म्हणाल तर आठ महिन्यांत नाही, उगाच कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. वजन दीड किलो कमी झालं, ते चालूनही झालं असतं. मिळतं ते हे, की एक माणूस तुमच्या एका खांद्याकडे आठ महिने न कंटाळता लक्ष देतो. शेवटचं कधी कुणी तुमच्याकडे एवढं बघितलं होतं? आणि हे सहा-आठ माणसांच्या छोट्या दोजोतच होऊ शकतं, चाळीस पोरांच्या ओळीत नाही, व्हिडिओवर तर नाहीच. हे मी अनुभवाने सांगतेय, कारण मी शहाणपणा करून घरी व्हिडिओ लावून शिको-दाची करत बसले, म्हणजे पाय फाकवून खाली बसायचं ते, सुमोवाल्यांसारखं, दहा मिनिटं, रोज, आणि गुडघे पावलांच्या दिशेला नसून आत पडतायत हे सांगणारं कुणी नव्हतं. उजवा गुडघा तीन आठवडे सुजला. सेन्सेई काही बोलले नाहीत, तीन आठवडे मला बाजूला बसून बघायला लावलं फक्त. त्या बसून बघण्यात मला जास्त कळलं ही वेगळी गोष्ट.

आता परंपरेबद्दल. मराठी माणूस परंपरा म्हटलं की हात जोडतो, मी पण जोडले होते. मग जरा वाचलं, ज्येष्ठ विद्यार्थ्यांना विचारलं, तर हे बेल्ट मुळात ज्युदोकडून आलेत. फुनाकोशी गिचिन नावाचे कराटेचे गुरू ओकिनावातून १९२२ साली टोकियोला गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी कराटेतल्या पहिल्या डॅन पदव्या (म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या) दिल्या. म्हणजे जो ब्लॅक बेल्ट आपण हजार वर्षांचा समजतो तो शंभरीचा आहे फक्त. मियागींनी तर स्वतःच्या शिष्यांना डॅन दिल्याच नाहीत असं इथले जुने लोक सांगतात. अहो, कराटे म्हणजे 'रिकामा हात' हे नाव सुद्धा आत्ताचं, आधी 'चिनी हात' असंच लिहायचे, २५ ऑक्टोबर १९३६ला नाहामध्ये ज्येष्ठ गुरूंची बैठक झाली आणि नवं लिखाण पक्कं झालं. म्हणून २००५पासून तो इथे कराटे दिन. मला हे कळल्यावर वाईट नाही वाटलं, उलट हलकं वाटलं. जुनं काय आहे तर तो पाठीवर पडणारा तळवा. बाकी कपडे, पट्टे, नावं हे सगळं येत-जात राहिलंय.

रंगीत बेल्टवाल्या क्लासेसना मी नावं ठेवत नाहीये हं. लहान पोरांना काहीतरी दिसायला लागतं हातात, भाचा त्या निमित्ताने मोबाईल सोडून मैदानावर जातो, चांगलंच आहे. आणि स्पर्धेला नाक मुरडणारे पण मला आवडत नाहीत, टोकियो ऑलिंपिकमध्ये काताचं सुवर्ण जिंकलेला कियुना र्यो इथलाच पोरगा, त्याचं नाव काढलं की आमचे सेन्सेई सुद्धा खुलतात. माझी तक्रार फक्त मोठ्या माणसांनी पहिल्या दिवशी बेल्ट विचारण्याबद्दल आहे. इतोसू आन्को नावाचे गुरू होते, कराटे शाळांमध्ये नेलं त्यांनी, १९०८च्या त्यांच्या पत्रात दहा मुद्दे आहेत, त्यात लिहिलंय की रोज तास-दोन तास मेहनत केली तर तीन-चार वर्षांत शरीर बदलेल. तीन-चार वर्षं! रोज! आणि आपण तीन महिन्यांचं पॅकेज विचारतो.

एक मात्र खटकतं, तेही लिहिते. आपल्याकडे म्हणतात ना वस्ताद एक डाव राखून ठेवतो, इथे तर कधीकधी वाटतं एकच डाव दाखवलाय आणि बाकी सगळे राखलेत. का विचारलं की उत्तर "मोऽ इक्काय", पुन्हा एकदा. ज्याला कारण कळल्याशिवाय हात हलत नाही अशा माणसाला हे जड जातं, मला जातं. मी इंजिनिअर आहे हो, मला डायग्राम लागतो. एकदा फारच मागे लागले तर सेन्सेईंनी माझं मनगट त्यांच्या मनगटाला टेकवलं आणि हलकेच पुढे ढकललं, मी खांद्याने अडवायला गेले आणि दोन पावलं मागे भिंतीपर्यंत. मग म्हणाले आता खांदा सोडून. या वेळी अर्धंच पाऊल. डायग्राम मिळाला.

बाबांना चिइशी फिरवतानाचा व्हिडिओ पाठवला होता. बेल्ट नाही विचारला. दोन तासांनी उत्तर आलं, "खांदं उचलतीस बघ."

सध्या वादळाचा इशारा आहे, दोजो शनिवारपर्यंत बंद, खिडक्या लावून घरात. सांचिन स्वयंपाकघरात चालू आहे, ओट्यासमोर तीन पावलं बरोबर बसतात. डाळीचा कुकर लावला की तीन शिट्ट्यांत दोन होतात, छोले असतील तर पाच-सहा.