‘सामान मागितलं तर चौकशी करतात’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं असं, की सिम ८००एल मॉड्यूल (सिम घालून मोबाईलसारखा कॉल घेणारा छोटा बोर्ड) आणि रिले (छोट्या सिग्नलवर चालणारा स्विच) मागितला तर आम्ही पोलिसासारखी चौकशी केली, मॉड्यूल घरी चाललं नाही, ते परत घेतलं नाही, वायरिंग करून द्या म्हटलं तर तेही केलं नाही आणि वर भाव ऑनलाईनपेक्षा जास्त. म्हणून एक स्टार. सबमिशन तोंडावर असताना प्रोजेक्ट बंद पडला की कुणाचंही डोकं फिरतं, त्यामुळं तुमचा राग मी मनावर घेतलेला नाही. पण चौकशीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण ती आम्ही पुढंही करणार आहोत.

मोटार किती एचपीची, सिंगल फेज की थ्री फेज, आणि स्टार्टरची (मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीची) कॉईल किती व्होल्टची, एवढंच मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “ते राहू द्या, सामान द्या.” पण त्याआधी तुम्हीच सांगितलं होतं, की रात्रीच्या पाळीची लाईट आली की वडिलांना अंधारात बोअरवर जावं लागतं, ते थांबावं म्हणून मिस्ड कॉलवर मोटार चालू करायची आहे. म्हणजे हा प्रोजेक्ट कॉलेजच्या टेबलावर एलईडी लावून संपणारा नव्हता. तो रानात खऱ्या स्टार्टरला जोडला जाणार होता, आणि तिथं हात वडिलांचा लागणार होता.

तुमच्याकडच्या निळ्या रिलेवर काय छापलंय ते बघा: १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी. शेतातल्या थ्री फेज स्टार्टरची कॉईल पुष्कळदा दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. हा रिले तिथं घातला तर आतले पॉइंट चिकटू शकतात. स्टॉपसाठी लावलेल्या रिलेचे पॉइंट असे चिकटले, की मोबाईलवरून कितीही कॉल करा, मोटार बंद होत नाही. त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. रिलेच्या त्या बोटभर बोर्डावर जास्त व्होल्टेजचे ट्रॅक आणि आर्डुइनोकडे (प्रोजेक्ट चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाकडे) जाणारे ट्रॅक जवळजवळ असतात, करंट एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतो. त्यात पेटी पत्र्याची, जमीन ओली आणि माणूस अनवाणी. अशा वेळी “राहू द्या” म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मी पुन्हा विचारणारच. कॉईल ४१५ व्होल्टची असेल तर मध्ये तेवढं व्होल्टेज सोसणारा कॉन्टॅक्टर (मोठा, दणकट रिले) टाकावा लागतो, आणि आपला छोटा रिले फक्त त्या कॉन्टॅक्टरला चालवतो. स्टार्टरमधलं हे काम लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं.

आता मॉड्यूलचं. तुम्ही ते परत आणलंत तेव्हा त्याच्या पॉवर पिनला लांबलचक, बारीक लाल जम्पर (जोडवायर) होता आणि त्याचं दुसरं टोक आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनला. सिम ८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. ५ व्होल्ट त्याला जास्त होतात, आणि नेटवर्क शोधताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं, तो आर्डुइनोच्या पिनमधून मिळत नाही. मग व्होल्टेज कोसळतं, मॉड्यूल बंद पडतं, पुन्हा चालू होतं, पुन्हा पडतं. तुम्ही मल्टिमीटर लावून “व्होल्टेज तर बरोबर दाखवतंय” म्हणालात. मीटर बरोबरच दाखवत होतं, पण ही घसरण इतकी थोडा वेळ टिकते की साध्या मीटरला ती पकडता येत नाही. बरीच हुशार पोरं इथंच फसतात.

काउंटरवर आमच्या सप्लायला लावल्यावर तेच मॉड्यूल चाललं. त्याचा छोटा दिवा दर सेकंदाला लुकलुकला तर ते नेटवर्क शोधतंय, आणि साधारण तीन सेकंदांनी एकदा लुकलुकला तर नेटवर्क मिळालं. आमचं सिम घातलं, तीन सेकंदांचं लुकलुकणं सुरू झालं. तुमचं घातलं, दिवा सेकंदावरच अडला. तुमचं सिम जिओचं होतं. हे मॉड्यूल फक्त टू-जीवर चालतं आणि जिओचं टू-जी नेटवर्कच नाही. मी हे सांगायला लागलो तोवर तुम्ही गाडीला किक मारली होती. चालणारं मॉड्यूल खराब म्हणून परत कसं घेणार?

घरी असं करा. एक बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा छोटा बोर्ड) घ्या आणि मॉड्यूल जोडण्याआधी मीटर लावून स्क्रूनं तो ४ व्होल्टवर आणा. मॉड्यूलच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लस-मायनस बघून. वायर जाड आणि आखूड ठेवा. सगळ्यांचे ग्राउंड एकत्र जोडा. आर्डुइनोचा ५ व्होल्टचा सिग्नल मॉड्यूलच्या आरएक्सला (सिग्नल घेणाऱ्या पिनला) थेट देऊ नका. १० किलो-ओहमचे दोन रेझिस्टर लावून तो निम्मा करा, अडीच व्होल्ट त्याला पुरतात.

वायरिंग करून दिलं नाही, हे खरं आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट आम्ही पूर्ण बांधून देत नाही, जास्त पैसे दिले तरी नाही. औसा, निलंगा, रेणापूरकडून पोरं येतात. काउंटरवर बसवून त्यांना कागदावर सर्किट काढून देतो, सोल्डरिंग गन हातात देतो, चुकलं तर दाखवतो. जोडायचं मात्र त्यांनीच. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेले सर “हा कपॅसिटर कशाला?” असं विचारतात तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. आणि पावसाळ्यात रानात काही बिघडलं तर मी तिथं नसणार.

भावाचं म्हणाल, तर ऑनलाईन स्वस्त मिळतं, कबूल आहे. आम्ही लातुरात बसून पुण्या-हैदराबादहून थोडा थोडा माल आणतो. पण मॉड्यूल तुमच्यासमोर चालवून दाखवतो आणि रेझिस्टर एक लागला तर एकच देतो.

दुपारी दोन ते चार गर्दी नसते. बोर्ड घेऊन या, टू-जी चालणारं सिम आणा, आणि स्टार्टरच्या कॉईलवर छापलेल्या आकड्याचा फोटो आणा. फोटो काढताना मेन स्विच बंद करायला सांगा. मॉड्यूलचा सप्लाय आपण त्याच दिवशी बसवू, त्याचे पैसे नाहीत, फक्त नवीन सामान लागलं तर त्याचे. तोवर रिलेच्या वायरी स्टार्टरला जोडू नका, आणि वडिलांनाही तसं सांगून ठेवा.