ठाण्याला येऊन चायनीज?

"अगं, ठाण्याला आलीस आणि चायनीज खाऊन गेलीस? मामलेदारची मिसळ तरी खायचीस!"

दर दोन महिन्यांनी हे ऐकून घेते. एक तर मी नाशिकची, मला मिसळीचं आमिष दाखवू नये. (मामलेदारची तिखट असते, मान्य. पुढे चला.) दुसरं म्हणजे, वागळे इस्टेटमध्ये दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासून संध्याकाळी साडेसातला बाहेर पडलेल्या बाईला त्या गावचं काय प्रसिद्ध आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिला डोक्यावर पंखा हवा असतो, एकटीला बसू देतील असं टेबल हवं असतं आणि ताटात गरम काहीतरी.

ते मला नौपाड्यातल्या एका गल्लीत मिळतं. आठ टेबलं, भिंतीवर एक ड्रॅगन, जो खरं तर मगरीसारखा दिसतो, आणि दाराशीच काचेमागे भटारखाना. पहिल्यांदा गेले तेव्हा वेटर मला 'दीदी' म्हणायचा, हल्ली 'आंटी' म्हणतो. एवढा एक बदल सोडला तर सगळं जिथल्या तिथे आहे.

चायनीज हॉटेलात एकट्या माणसाची पंचाईत होते, कारण सगळा हिशेब दोघांचा. सूप 'वन बाय टू'. ट्रिपल शेजवान तर एका पोटात मावतच नाही: राइस, नूडल्स, वर तळलेल्या नूडल्सचा कुरकुरीत डोंगर आणि शेजारी वाडगाभर लाल ग्रेव्ही. पहिल्या वेळी अर्धं टाकून उठताना मला इतकी लाज वाटली की आई आठवली. पुढच्या खेपेला वेटरने काही न विचारता अर्धंच ताटात आणलं. "आधा पार्सल में है, दीदी. ग्रेव्ही अलग." मेन्यूवर हाफ ट्रिपल नाही. माझ्यापुरती आहे. आता सांगा, कुठल्या प्रसिद्ध ठिकाणी रांगेत उभं राहून हे मिळणार?

मी मुद्दाम काचेसमोरचं टेबल धरते. बर्नर पेटला की बोलणं ऐकू येत नाही. भात सकाळीच शिजवून परातीत पसरून ठेवलेला असतो. ताज्या गरम भाताचा फ्राइड राइस केला तर गोळा होतो, गार झालेलं शीत मात्र सुटं राहतं. आचारी एका हाताने कढई उडवतो. दुसऱ्या हातातल्या पळीचं टोक ओळीने मांडलेल्या डब्यांत बुडवतो: मीठ, पांढरी मिरी, अजिनोमोटो, सोया, व्हिनेगर. डब्यांकडे बघत नाही. एकदा तो फोन खांद्यात धरून कोणाशी तरी भांडत होता, तरी पळी बरोबर त्याच डब्यात. मी वीस वर्षं आकडेमोड करतेय, कॅल्क्युलेटर न बघता मला साधी टोटल मारता येत नाही.

"पण ते खरं चायनीज नाहीच!" हे म्हणणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. नाहीच रे बाबा. कोण म्हणतंय आहे म्हणून? मंचुरियन मंचुरियात कोणी खात नाही. त्याचं श्रेय जातं नेल्सन वँग यांना. कलकत्त्यात जन्मलेला हा चिनी वंशाचा माणूस. 1975 मध्ये मुंबईत चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून चिकन केलं. फोडणी आपली, सॉस त्यांचा. मग ती डिश चर्चगेटला जन्मली असेल तर ठाण्याला ती परकी कशी? मिसळीइतकीच इथली आहे, फक्त वयाने लहान.

शेजवानची गंमत तर याहून मोठी. नाव आलं चीनच्या सिचुआन प्रांतावरून, आणि त्या प्रांताची ओळख म्हणजे जीभ बधिर करणारी त्यांची मिरी. आपल्या शेजवान सॉसमध्ये ती औषधालाही नसते. असते भिजवून वाटलेली सुकी लाल मिरची आणि ढीगभर लसूण. पण त्या मिरीची सख्खी चुलत बहीण आपल्याकडेच आहे. तिरफळ! एकाच कुळातली झाडं. माझी सासू मालवणची, बांगड्याच्या तिखल्यात ती तिरफळं ठेचून घालते तेव्हा जीभ अगदी तशीच झिणझिणते. म्हणजे सिचुआनच्या जवळ जाणारी चव कोकणातल्या माशाच्या कालवणात, आणि शेजवान नावाची आपली लसणाची चटणी. भाच्याला हे सांगितलं तर तो मोबाइलमध्ये बघत बसला.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती माझ्या लाडक्या हॉटेलाबद्दलच आहे. रंग. तिथली ग्रेव्ही ज्या लाल रंगाची असते तो रंग कुठल्याच मिरचीला येत नाही. बोटाला लागला तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात नखं लपवावी लागतात. 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, तेव्हा मी बातमी दाखवून वेटरला विचारलं, बिनरंगाचं मिळेल का? तो आत गेला, बाहेर आला. "मिलेगा. लेकिन आपको अच्छा नहीं लगेगा." आलं ते विटकरी, मळकट. चव तीच, उलट लसूण जास्त कळला. तरी पहिला घास घेताना मन खट्टू झालं, खोटं कशाला बोलू? आता दर वेळी बिनरंगाचंच मागवते आणि दर वेळी शेजारच्या टेबलावरच्या लालभडक ताटाकडे बघते.

गेल्या आठवड्यात परतीच्या एसटीत पार्सल मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीला दोन गाठी मारल्या होत्या तरी कसारा घाटात वास सुटलाच. शेजारचे आजोबा इगतपुरीला उतरणार होते, शहापूरपासून डोळे मिटून बसलेले. डोळे न उघडताच म्हणाले, "ट्रिपल आहे का?"

मी गाठी सोडल्या. चमचा एकच होता.