ओळखीने मिळणारी किल्ली

आज सकाळी राजवाड्यावर चहा घेताना एका निवृत्त आणि अत्यंत सज्जन गृहस्थांनी मला ऐकवले, "व्हॉट्सॲपने लोकांचे संदेश उघडणारी किल्ली सरकारला द्यायलाच हवी. लपवण्यासारखे काही नसेल तर घाबरायचे कशाला?" वयाचा मान ठेवून मी गप्प बसलो, पण घरी आल्यापासून डोके तापले आहे.

माझी आतेबहीण नवऱ्याचा मार सोसून अखेर साताऱ्यात माहेरी परतली, तेव्हा ती कोणत्या वकीलबाईंना किती वाजता फोन करते याची यादी काही दिवसांतच त्या नवऱ्याच्या हाती होती. कॉलचा तपशील पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय मागवता येत नाही, हा कागदावरचा नियम. "ओळखीने काढला" असे तो चारचौघांत फुशारकीने सांगत होता. मात्र तिने वकीलबाईंना व्हॉट्सॲपवर काय लिहिले ते त्याला कळले नाही, कारण तो मजकूर उघडणारी किल्ली त्या दोघींच्या फोनमध्येच होती, कंपनीकडेसुद्धा नव्हती. सरकारला किल्ली द्यायची म्हणजे आपल्या सगळ्यांचे कुलूपच मुद्दाम कच्चे करायचे.

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार सरकारला म्हणे मजकूर नको, संदेश मुळात कोणी पाठवला एवढेच हवे. त्यासाठीही एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशाचे हे कुलूप, मोडावे लागेल आणि तशी सक्ती झाल्यास भारत सोडू, असे व्हॉट्सॲपच्या वकिलांनी एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले. कंपनी काही संत नव्हे, हे मान्य.

पण ग्रीसमध्ये काय झाले? कायदेशीर टेहळणीसाठी व्होडाफोनच्या यंत्रणेत ठेवलेली सोय 2004-05 मध्ये अज्ञातांनी वापरली आणि शंभराहून अधिक लोकांचे फोन ऐकले. त्यांत खुद्द पंतप्रधान होते. अमेरिकेत 2024 मध्ये चिनी हॅकर दूरसंचार कंपन्यांच्या अशाच यंत्रणांपर्यंत पोहोचले, तेव्हा तिथल्याच सरकारी संस्थेने महत्त्वाच्या पदांवरील लोकांना एन्क्रिप्टेड संदेश वापरण्याचा सल्ला दिला! तिथे निदान हॅकर लागले. माझ्या बहिणीच्या बाबतीत एक ओळखीचा माणूस पुरला.

ती आता सावरली आहे, निकालही तिच्या बाजूने लागला. तरी नवा क्रमांक तिने मला फोनवर सांगितला नाही, कागदावर लिहून दिला.

मूल पळवले गेले तर पोलिसांची अडचण होते, हे मी नाकारत नाही. संशयिताचा फोन कायद्याने जप्त करून तपासावा. पण "मग दहशतवाद्यांचे काय?" असे ज्यांना खाली लिहायचे आहे, त्यांनी आधी एवढेच सांगावे, की ती किल्ली कोणत्या कार्यालयात, कोणाच्या टेबलाच्या खणात राहणार आणि त्याचा मेहुणा कोण.